सातव्या तारेचा ऑक्टोबर

ऑक्टोबर आला की मी घरातल्या सगळ्या बॅगा उघडून खिडकीशी ठेवते. पावसाळाभर बंद राहिलेल्या कापडाला, चामड्याला आमच्या कांदिवलीत एक पांढरट बुरशी धरते. ती फडक्याने जात नाही, उन्हानेच जाते. ह्याही वर्षी सगळं काढलं. आईच्या लग्नकार्याच्या पर्सा, जुने बूट, ट्रेकची सॅक, आणि सगळ्यात शेवटी कपाटावरची ती लांब काळी गिटारची केस. झिप ओढली आणि भसकन सुक्या बोंबलांचा वास आला. इतकी वर्षं झाली, पण तो त्या अस्तरातून हलायला तयार नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तेजू, बंद कर गो ता! रविवारी सकाळी घराचा मासळीबाजार केलंस!" मी बंद केली नाही. तिथेच लादीवर बसून राहिले. जुन्या वासांनी म्हणे लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझं डोकं फिरतं.

केसमध्ये आहे ती सात तारांची गिटार. गिटारला एरवी सहा तारा असतात. पण मेटल वाजवणाऱ्या माणसाचं सहांत भागत नाही, त्याला खाली जायचं असतं, अजून खाली, जिथे सूर कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. मेटल म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांना मी आमच्या शेजारच्या काकूंचं वाक्य सांगते. मी पहिल्यांदा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, लावून वाजवलं तेव्हा त्या बेल वाजवून आत आल्या आणि म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना? मला वाटलं भांडणं चाललीत." काकूंचं फारसं चुकलं नव्हतं. मला भांडायचंच असायचं, आणि तोंडाने भांडण्यापेक्षा ते असं बरं पडायचं.

तेव्हा आमचा बँड होता. ओमकार गायचा आणि गिटार वाजवायचा, मी दुसरी गिटार, सुमित बास आणि ग्लेन ड्रम्स. ओमकार दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. स्टेजवर केस उडवायचे, पोस्टर करायचं, आयोजकांना फोन करायचे, हे सगळं त्याचं. गाणी बांधायची ती मी. असं ठरलं नव्हतं, पण तसंच होत गेलं. मी काहीतरी वाजवायचे, ओमकार म्हणायचा "हे भारी आहे, हे ठेवूया," आणि मग ते आमचं व्हायचं. 'आमचं' हा शब्द तेव्हा मला फार आवडायचा. आता कोणी वापरला की मी आधी बघते, बोलणारा कोण आहे.

प्रॅक्टिस ग्लेनच्या घरी, गोराईला. तिथे ओरडणारं कोणी नव्हतं. घरामागे जाळी ठेवायची पत्र्याची खोली होती, तिच्यात एका कोपऱ्यात त्याचा ड्रमसेट आणि उरलेल्या जागेत आम्ही. बोरिवलीहून खाडीपर्यंत रिक्षा, मग बोट. बोटीत कोळणींच्या रिकाम्या पाट्या, मोटरसायकली, आणि मध्ये मी, लेकरासारखी गिटार पोटाशी धरून. खोलीच्या बाहेर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असायचे. ऊन कडक झालं की बोंबील वाळायचे आणि आम्ही भिजायचो. पत्र्याखाली ऑक्टोबरच्या दुपारी दोन गाणी वाजवली की शर्ट पिळून काढावा लागायचा. ग्लेनची आई मधूनच कोकमाचं सरबत आणून ठेवायची आणि कानांत बोटं घालूनच परत जायची. चर्चगेटपासून विरारपर्यंत कुठेही मला तितकं बरं वाटलेलं नाही, हे आज राग आला तरी खरं आहे.

मग सुमितला बंगळुरूची नोकरी लागली आणि तो गेला. बास गेला म्हणजे खालचा सगळा आवाज गेला, गाणी एकदम पोकळ वाटायला लागली. डिसेंबरात अंधेरीच्या एका कॉलेजात बँडची मोठी स्पर्धा होती, आम्हाला तिथे वाजवायचंच होतं. नवा बासवाला शोधायच्या ऐवजी ओमकार एक दिवस सात तारांची गिटार घेऊनच खोलीत आला.

"आता बासची गरजच नाय," तो म्हणाला. "दोघं सातवर वाजवूया. बघ कसलं वजन येतं ते."

"मी सहावरच सूर उतरवते ना," मी म्हटलं.

"उतरवून बघितलंस ना? तारा लुळ्या पडतात. चिखल वाजतो नुसता."

हे खरं होतं. सहाची गिटार फार खाली उतरवली की तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या झुलतात.

"स्पर्धेला दोनच महिने आहेत, ओमकार. माझा हात बसेल का?"

"बसेल गं! तुझा नाय बसणार तर कोणाचा? आणि हे बघ, तेजू, मी स्पष्ट बोलतो. बँड आता सातवर चाललाय. यायचं तर तुला पण सातवरच यायला लागेल."

ह्या वाक्याला मी तेव्हा आव्हान समजले. मूर्ख नव्हते, त्याच्यावर विश्वास होता इतकंच.

माझी सहा तारांची गिटार आईने बारावीनंतर घेऊन दिली होती. तिच्या पाठीवर माझ्या पट्ट्याच्या बकलचे ओरखडे होते, आणि गळ्याला माझ्या अंगठ्याची जागा घासून गुळगुळीत झाली होती. दुकानदाराने ती उलटसुलट करून बघितली, 'वापरलेली आहे बरीच' असं तोंड केलं, आणि बदल्यात सात तारांची दिली. आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

"सहा तारांनी तुझा भागत नाय होतां काय गो?"

"बँडला पाहिजे, आई."

"बँडला पाहिजे. आणि तुका काय पाहिजे?"

मी म्हटलं, मला बँड पाहिजे. भाजी त्या दिवशी खारट झाली होती.

आता हाताचं सांगते. गिटार मांडीवर घेतली की सगळ्यात जाड तार सगळ्यात वर येते, अंगठ्याजवळ. मेटलमध्ये उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवायची आणि त्या जाड तारेवर धडधड वाजवायचं. हात सगळीकडे फिरून पुन्हा तिथेच येतो. बघावं लागत नाही, मोजावं लागत नाही. सर्वांत वरची तार म्हणजे घर. सातवी तार येते ती ह्या घराच्याही वर. म्हणजे माझी घराची तार एक पायरी खाली सरकली आणि तिच्या जागी दुसरीच, आणखी जाड, येऊन बसली. सवयीने जिना चढून आपल्या दाराची बेल दाबावी आणि दार भलत्याच बाईने उघडावं, तसं मला दिवसातून शंभरदा व्हायचं. हात घरी जायचा आणि खालून भलताच सूर यायचा. घुमणारा, घाणेरडा. मी शिव्या घालायचे. स्वतःला, तारेला, ओमकारला, सुमितच्या बंगळुरूला.

त्यात तो ऑक्टोबर. नुसतं बसलं तरी घाम. गिटारच्या रुंद गळ्यावरून माझी बोटं घसरायची, मनगटात कळ निघायची. मी आंघोळीनंतर अंगठ्याला टाल्कम पावडर लावायचे, आई म्हणायची, "अंगठ्याचा लगीन आसा काय?" रात्री हात गरम पाण्यात. सकाळी ऑफिसला जायच्या आधी पुन्हा गिटार, अँप न लावता, काकूंना त्रास नको म्हणून. खाली नवरात्राच्या मंडपाचे बांबू ठोकत होते आणि वर मी घर शोधत होते. हळूहळू सापडायला लागलं. दहातून सात वेळा, मग नऊ वेळा. पण थकले की हात बापडा जुन्या पत्त्यावर जायचाच.

आणि त्यातूनच ते झालं. गोराईला एका दुपारी मी नवं गाणं वाजवून दाखवत होते. चाल माझ्या जुन्या तारेवर होती. ओळीच्या शेवटी हात थांबायला हवा होता, पण तो घसरून सवयीने सगळ्यात वर गेला आणि ठोक्याच्या जरासा आधी सातवी तार धाडकन वाजली. पायरी चुकून पाय खोल पडावा, तसा तो सूर आला. मी थांबले. "च्यायला, सॉरी."

ग्लेनने काठ्या हवेत धरल्या होत्या. एरवी तो फारसा बोलत नाही.

"ए, परत कर ना ते."

"कुठलं?"

"ते चुकलीस ते."

मी परत केलं. आता मुद्दाम चुकायचं म्हणजे कठीण, पण हाताला तो रस्ता पाठ होता. ह्या वेळी बरोबर त्या घसरण्यावर ग्लेनने पायाचा मोठा ड्रम मारला. पत्रा थरथरला. बाहेर बोंबलांवर बसलेले कावळे उडाले. ओमकार ओरडला, "बापरे! हेच गाणं! डिसेंबरला हेच!" आणि त्याने मोबाइल काढून ते रेकॉर्ड करून घेतलं, घरी ऐकायला म्हणून. आम्ही ते इतक्या वेळा वाजवलं की ग्लेनच्या आईने शेवटी सरबतच आणायचं बंद केलं.

त्या संध्याकाळी परतीच्या बोटीत पाण्यावर ऊन तांबूस झालं होतं आणि बोरिवलीच्या बाजूने गरब्याचे स्पीकर तपासणाऱ्याचा 'हॅलो, हॅलो' असा आवाज येत होता. माझी बोटं सुजली होती. मी ती खाडीच्या वाऱ्यात धरून बसले होते. मला इतका आनंद झाला होता की शेजारच्या अनोळखी बाईला सांगावंसं वाटत होतं, मावशी, मला आज माझं घर सापडलं, आणि ते मी समजत होते त्याच्या एक मजला खाली आहे. मी सांगितलं नाही. बरं झालं. नाहीतर आज ती बाईसुद्धा मला आठवून हसली असती.

दिवाळी संपल्यावर ओमकारने मला जेट्टीवर गाठलं. बोट यायची होती. तो नखं बघत होता.

"तेजू, वाईट वाटून घेऊ नको हां."

असं सुरू होणारं वाक्य ऐकून आजवर कोणाला बरं वाटलं असेल, तर मला भेटवा.

"मालाडचा एक मुलगा आहे. पहिल्यापासून सातवरच शिकलाय. स्पर्धेपुरता त्याला घेतोय."

"आणि मी?"

"तू सहावर झकास होतीस यार. सातवर तू विचार करतेस. दिसतं ते."

"सातवर तूच आणलंस मला!"

"हो ना. ट्राय केलं आपण. नाय जमलं."

"ट्राय केलं *आपण*? माझी गिटार गेली, ओमकार."

"परत घे ना एक सहाची." हे तो दुकानातून पेन आणायला सांगावं इतक्या सहज म्हणाला. "आणि ग्रुपमध्ये राहा तू. आपण फ्रेंड्स आहोत."

बोट आली. तो चढला. मी नाही चढले. ग्लेन पलीकडच्या काठावर वाट बघत असणार होता, आणि त्याला हे आधीपासून माहीत असणार होतं. त्याने फोन केला नाही. मीही केला नाही. रिक्षात बसून मी ढसाढसा रडले. रिक्षावाल्याने आरसा वर केला आणि बोरिवलीपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्या सबंध वर्षात माझ्याशी कोणी सभ्यपणे वागलं असेल तर तो.

डिसेंबरात मी अंधेरीला गेले. आई म्हणाली, "कशाक जातंस?" जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी गेले. मैदानाच्या मागच्या बाजूला, चहाच्या टेबलाशी उभी राहिले. ओमकार माइकवर म्हणाला, "हे पुढचं गाणं मी गोराईत लिहिलं. एकटा समुद्राकडे बघत." गोराईच्या त्या खोलीतून समुद्र दिसत नाही. जाळी दिसतात.

मग गाणं सुरू झालं. माझी चाल, स्वरन् स्वर माझा. मालाडचा मुलगा उत्तम वाजवत होता, खोटं कशाला बोलू. सातही तारांवर त्याचा हात पाण्यासारखा फिरत होता. ओळीचा शेवट आला. आणि तो घसरलाच नाही! जिथे माझा हात जुन्या पत्त्यावर जायचा तिथे त्याचा हात शांतपणे थांबला. त्याला जुना पत्ताच नव्हता ना. त्याने आयुष्यात कधी सहावर वाजवलेलंच नव्हतं, तो चुकणार कसा? त्यांना ते जमेना, म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. तासून गुळगुळीत केलं.

पण पायाचा ड्रम वाजला. बरोबर त्याच जागी, ठोक्याच्या जरासा आधी, एकटाच. खाली कोणी नसताना. प्रत्येक ओळीच्या शेवटी ग्लेन तो मारत होता आणि त्याच्यावर पडायला माझा सूर येत नव्हता. मैदानात पोरं नाचत होती. मी चहाच्या टेबलाची कड धरून उभी होते.

नंतर पार्किंगमध्ये ग्लेन समोर आलाच. "तो ठोका तसाच ठेवलास," मी म्हटलं.

"पायाला सवय लागली," तो म्हणाला. मग चपलेकडे बघत, "काढता नाय येत."

"तोंडाला नाय लागली का सवय? बोलायची?"

मला आजही ग्लेनचा राग ओमकारपेक्षा जास्त येतो. ओमकार चोर आहे, विषय संपला. ग्लेनला सगळं ठाऊक होतं आणि त्याने फक्त पाय हलवला.

ते गाणं पुढे खूप चाललं. रेकॉर्ड झालं, आता कोणाच्याही मोबाइलवर मिळतं. खाली लिहिलेलं असतं, रचना ओमकारची. मुलाखतीत तो अजून तो समुद्र सांगतो. लोक मला विचारतात, मग तू बोलली का नाहीस? काय बोलू? जाऊन सांगू का, की ह्यांनी माझी चाल नेली ती नेली, पण वर माझी चूकही पुसली? चाल तर कोणालाही सुचू शकते असं ते म्हणतील. ती चूक मात्र माझ्याशिवाय कोणाला होणं शक्य नव्हतं. माझी सगळी वर्षं तिच्यात होती, आईने घेऊन दिलेली गिटार होती, पावडर लावलेला अंगठा होता. पण चुकीवर हक्क सांगणाऱ्या बाईला लोक हसतात. मी हसू दिलं नाही, एवढंच. बाकी माझं काही राहिलं नाही त्यात.

मी पुन्हा सहाची घेतली, साधी लाकडी, आणि रविवारी सकाळी घरीच मुलांना शिकवते. आणि आता गंमत बघा, सहावर वाजवताना माझा हात कधी कधी अजून एक तार वर शोधायला जातो. तिथे काही नसतं. अंगठा हवेत पडतो.

तर ह्या रविवारी केस खिडकीशी उघडी होती आणि ऋचा आली. बारावीतली आहे, चुणचुणीत, जिभेला हाड नाही. तिच्या मामाने तिला थेट सात तारांचीच गिटार आणून दिलीय. आत आल्या आल्या तिने नाक दाबलं, आणि मग केस दिसली.

"मॅडम! तुमच्याकडे सेव्हन स्ट्रिंग आहे? आणि तुम्ही आम्हाला ते हॅप्पी बर्थडे शिकवता?"

मग तिने मोबाइल काढला आणि तेच गाणं लावलं. मला वाटलं होतंच, कधीतरी कोणीतरी लावणार. "हे शिकवा ना प्लीज. मला एक कळतच नाही ह्यात. हे बघा, ओळ संपते आणि इथे ड्रम एकटाच का वाजतो? काहीतरी राहिल्यासारखं वाटतं ना?"

मी केसमधून गिटार काढली. तारा गंजल्या होत्या, पण पिळून सुरात आल्या. अँप लावला. काकू आता नाहीत, त्यांच्या मुलाने फ्लॅट भाड्याने दिलाय. "लाव पुन्हा," मी म्हटलं, आणि रेकॉर्डबरोबर वाजवायला लागले. बोटं कडक झालेली, ऑक्टोबरचा घाम कोपरापर्यंत. ओळीचा शेवट आला आणि हात गेला. विचारावं लागलं नाही. सातवी तार धाडकन वाजली आणि मोबाइलमधला ग्लेनचा पाय बरोबर तिच्यावर पडला. इतक्या वर्षांनी दोघं एकत्र. खिडकीची काच थरथरली. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली, हाताला पीठ तसंच.

ऋचाने गाणं थांबवलं.

"मॅडम, एक नोट जास्त वाजली तुमची."

"हो?"

"हो ना. ओरिजिनलमध्ये नाहीये ती. ऐका." तिने मागे नेऊन ऐकवलं. तिचं अगदी बरोबर होतं. नाहीच आहे ती.

आई माझ्याकडे बघत होती. आता ही बोलणार, असं तिला वाटलं असावं. मलाही वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं सगळं, खोली, जाळी, जेट्टी. पण ऋचा हात तारांवर ठेवून शिकायला बसली होती, आणि तिला ते गाणं यायला हवं होतं, जसं ते सगळ्यांना माहीत आहे तसं. मग मी तिला ओळीच्या शेवटी हात कसा थांबवायचा ते शिकवलं. तिला लगेच जमलं. पहिल्यापासून सातवरच शिकतेय ती, तिचा हात कशाला घसरेल?

जाताना चपला घालता घालता ती मागे वळली.

"मॅडम, ती एक जागा तेवढी तुम्ही पण प्रॅक्टिस करा हां. पुढच्या रविवारी एकत्र वाजवू."

मी हो म्हटलं.